पुन्हा उलटला तर?

थोरल्या बहिणीचं म्हणणं एका वाक्यात मावतं: झालं ते झालं, आता उकरू नका. धाकटीचं म्हणणं मावायला प्लास्टिकची एक जाडजूड फाईल लागते.

थोरली कराडकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आठ वर्षांपूर्वी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) आणि त्यानंतर रोजची हार्मोनची गोळी. धाकटी डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी करते. तिला काहीही झालेलं नाही. या दोघींना इथे नावं दिलेली नाहीत, कारण त्या कोणा एकाच घरातल्या नाहीत. परळला टाटा हॉस्पिटलच्या ओपीडीबाहेर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, महालक्ष्मी एक्सप्रेसच्या डब्यात अशा जोड्या भेटतात. कधी बहिणी, कधी नवरा-बायको, कधी आई आणि मुलगा. एकाला तपासायचं नसतं आणि दुसऱ्याला थांबायचं नसतं.

फॉलो-अपच्या आदल्या रात्री, डोंबिवलीत, जेवणं उरकल्यावर धाकटीने फाईल उघडली.

"ताई, उद्या डॉक्टरांना सांग, पेट स्कॅन लिहून द्या म्हणावं. आणि रक्तातले मार्करही."

"कशाला? मला काही होतंय का?"

"तेच म्हणते मी. होईपर्यंत वाट बघायची का?"

"मागच्या वर्षी नाही बघितली वाट. काय मिळालं?"

मागच्या वर्षी धाकटीने हौसेने नव्हे, काळजीने एका खासगी लॅबचं 'कॅन्सर पॅकेज' बुक केलं होतं. त्यात सीए १५-३ नावाचा, रक्तातला कॅन्सरचा मार्कर मर्यादेच्या थोडा वर आला. मग पेट स्कॅन झाला. त्यात छातीच्या मधोमध एक लसिकाग्रंथी उजळलेली दिसली. मग सुई घालून तुकडा काढला. रिपोर्ट आला तेव्हा कळलं की ती क्षयाची गाठ होती. रिपोर्ट येईपर्यंत थोरली शाळेत जात होती, फळ्यावर लिहीत होती आणि रात्री नवऱ्याला बँकेच्या पासबुकांची जागा दाखवत होती.

यात कोणाची चूक नाही. तपासण्यांचा स्वभावच तसा आहे. सीए १५-३ यकृताच्या आजारात वाढू शकतो, अंडाशयातल्या साध्या गाठींनीही वाढू शकतो. पेट स्कॅन शरीरात साखर कुठे जास्त खर्च होते ते दाखवतो. कॅन्सरच्या पेशी साखर खातात, तशा क्षयाशी झुंजणाऱ्या पेशीही खातात. ज्या देशात क्षय घरोघर आहे, तिथे पेट स्कॅनवर उजळलेली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, आणि ते ठरवायला पुन्हा सुई लागते.

"पण समजा खरंच निघालं असतं तर?" धाकटी म्हणाली. "लवकर कळलं असतं ना?"

हा प्रश्न इतका सरळ आहे की त्याचं उत्तरही सरळ असेल असं वाटतं. तसं ते नाही. हाच प्रश्न इटलीतल्या डॉक्टरांनी दोन मोठ्या चाचण्यांत तपासला आणि दोन्हींचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. एका चाचणीत १३२० स्त्रिया होत्या, दुसरीत १२४३. सगळ्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं होतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाचे ठरलेल्या मुदतीने हाडांचे स्कॅन आणि छातीचे एक्स-रे काढले; एका चाचणीत यकृताची सोनोग्राफी आणि रक्त तपासण्याही केल्या. दुसऱ्या गटाची डॉक्टरांनी अंगावर तपासणी केली, मॅमोग्राम केला आणि तक्रार असेल तरच पुढची तपासणी केली. पहिल्या चाचणीत जवळजवळ सहा वर्षांनंतर जास्त तपासलेल्या गटात २० टक्के मृत्यू झाले होते, कमी तपासलेल्या गटात १८ टक्के. दुसऱ्या चाचणीत पसरलेला आजार थोडा आधी सापडला, पण बायका जास्त जगल्या नाहीत. आधी कळलं, म्हणजे काळजीचे महिने तेवढे वाढले.

धाकटीने हे ऐकून घेतलं आणि तिने जे विचारलं ते कोणीही विचारायला हवं. "एकोणीसशे चौऱ्याण्णव? तेव्हा पेट तरी होता का? आजची औषधं होती का?"

बरोबर आहे. तेव्हाचे स्कॅन आजच्यासारखे नव्हते आणि पसरलेल्या आजारावर आज ज्या गोळ्या वर्षानुवर्षं काम करतात त्या तेव्हा नव्हत्या. म्हणून हा प्रश्न कायमचा मिटलेला नाही आणि जगभर नव्या पद्धतींनी तो पुन्हा तपासला जातो आहे. पण आजपर्यंत अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला बदललेला नाही: तक्रार नसेल तर मार्कर, पेट, सीटी, हाडांचा स्कॅन नेमाने करू नयेत. पहिली तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा डॉक्टरांनी तपासावं, आणि दरवर्षी मॅमोग्राम करावा.

"ऐकलंस?" थोरली म्हणाली. "पेट नको म्हणतात."

"मॅमोग्राम हवा म्हणतात," धाकटी म्हणाली. "तुझा शेवटचा कधी झाला?"

थोरलीने उत्तर दिलं नाही. मग कारणं आली. मागच्या वर्षी दहावीचे पेपर तपासायला होते. त्याआधीच्या वर्षी निवडणुकीची ड्युटी होती. मध्ये सासूबाई पडल्या. सगळी कारणं खरी होती आणि एवढी खरी कारणं एकत्र आली की त्यांच्यामागे काहीतरी असतं.

"मला ते मशीन बघितलं की पोटात गोळा येतो. बास, एवढंच आहे," ती शेवटी म्हणाली. "आणि मी हाताने बघते ना रोज."

"रोज?"

"रोज म्हणजे... रात्री. जाग आली की."

किती वेळा जाग येते हे धाकटीने विचारलं नाही, कारण ती ज्या खोलीत झोपते तिथूनच तिने ते पाहिलं होतं. दोन वाजता, तीन वाजता, थोरलीचा उजवा हात डाव्या काखेत. काख लाल होईपर्यंत.

हाताने तपासण्याला किंमत नाही असं नाही. खुद्द मुंबईत टाटा मेमोरियलने वीस वर्षं चालवलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीड लाखांहून जास्त स्त्रिया होत्या. अर्ध्या बायकांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यामुळे जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पण ते हात शिकवलेले होते, तपासणी ठरलेल्या वेळी होत होती आणि त्या बायका तोपर्यंत निरोगी होत्या. रात्री दोन वाजता घाबरलेला हात गाठ शोधत नाही, धीर शोधतो, आणि तो मिळत नाही म्हणून पुन्हा शोधतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. मशीन टाळणारी थोरली आणि मशीन मागणारी धाकटी एकाच भीतीच्या दोन टोकांना उभ्या आहेत. घरात मात्र एकीला 'धीराची' म्हणतात आणि दुसरीला 'घाबरट'. ही वाटणी अन्यायाची आहे, विशेषतः थोरलीवर. धीराची म्हटल्यामुळे तिला घाबरायला जागाच उरलेली नाही.

कॅन्सर परत येईल ही भीती दुर्मीळ नाही आणि मनाचा कमकुवतपणाही नाही. ती मोजण्यासाठी कॅनडातल्या संशोधकांनी प्रश्नावली तयार केली आहे. २०२२ साली नऊ हजारांहून जास्त बऱ्या झालेल्या रुग्णांची अशी उत्तरं एकत्र करून पाहिली, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांत ही भीती लक्षणीय होती आणि साधारण पाचांतल्या एकाला तज्ज्ञाची मदत लागावी इतकी तीव्र होती. तरुण वयात आजार झालेल्यांमध्ये आणि स्त्रियांमध्ये ती जास्त दिसते. आणि भीतीचं माप धोक्याच्या मापाशी जुळतंच असं नाही: छोटी गाठ निघालेली बाई रात्रभर जागी असते आणि मोठ्या आजारातून उठलेली शांत झोपते. घरच्यांमध्येही ही भीती रुग्णाइतकी असते, कधी रुग्णापेक्षा जास्त. धाकटीच्या फाईलचं वजन तिथून आलेलं आहे.

"पाच वर्षं झाली तेव्हा आपण पेढे वाटले होते," थोरली म्हणाली. "पाच वर्षं काढली की सुटलो, असं म्हणतात ना सगळे?"

धाकटी गप्प बसली. तिने वाचलं होतं. सांगावं की नाही याचा तिने बराच वेळ विचार केला असावा, कारण ती थेट बोलली नाही. "ताई, गोळी का चालू आहे मग अजून?"

थोरलीला अर्थ कळला. "म्हणजे पाच वर्षांनी सुटत नाही."

हार्मोनवर वाढणारा स्तनाचा कॅन्सर पाच वर्षांनंतरही परत येऊ शकतो. ६२ हजारांहून अधिक स्त्रियांचा आढावा घेणारा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षं गोळी घेऊन तोवर निरोगी राहिलेल्या बायकांमध्येही पुढच्या पंधरा वर्षांत आजार दूरच्या अवयवात उलटत राहतो, असं त्यात दिसलं. गाठ किती मोठी होती आणि काखेतल्या किती ग्रंथींत पसरली होती त्यावर हे प्रमाण १० टक्क्यांपासून ४१ टक्क्यांपर्यंत होतं. हार्मोनशी संबंध नसलेल्या प्रकारात उलट आहे: तिथे धोका पहिल्या तीन ते पाच वर्षांत एकवटलेला असतो, पुढे झपाट्याने उतरतो.

"हे मला आज कशाला सांगितलंस?" थोरली चिडली. "उद्या जायचंय मला तिथे."

तिचा राग खरा होता. आकडा नुसता अंगावर फेकला तर तो दगडच असतो. पण तोच आकडा गोळीच्या शेजारी ठेवला तर वेगळं दिसतं. पाच वर्षं घेतलेल्या टॅमॉक्सिफेनने अशा कॅन्सरने होणारे मृत्यू पुढच्या पंधरा वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, आणि तीच गोळी पाचऐवजी दहा वर्षं घेतली तर आणखी फायदा होतो, हे २०१३ साली मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. दुसऱ्या स्तनात नवा कॅन्सर होण्याचा धोकाही या गोळीने कमी होतो. थोरली अंगदुखी सोसून, गरम वाफा सोसून रोज रात्री जी गोळी घेते, ती पाच वर्षांनंतरच्याच काळासाठी आहे. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, सरकारी खात्यासारखं चालू आहे म्हणून चालू आहे.

गोळीवरून गोळीचा विषय निघाला. थोरलीने मोबाईल पुढे केला. शाळेतल्या एका सहकाऱ्याने पाठवलेला मेसेज होता: टाटाची शंभर रुपयांची गोळी, कॅन्सर दुसऱ्यांदा होऊच देत नाही. "ही मिळाली तर मॅमोग्राम नको, पेट नको, काही नको."

या मेसेजमागे खरी बातमी आहे, म्हणून तो इतका फिरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी रेझव्हेरेट्रॉल आणि तांबं यांच्या मिश्रणाबद्दल जाहीरपणे सांगितलं. मरणाऱ्या कॅन्सरपेशी डीएनएचे तुकडे मागे सोडतात, ते तुकडे निरोगी पेशींत शिरून त्यांना बिघडवू शकतात आणि हे मिश्रण ते तुकडे नष्ट करतं, अशी त्यांची मांडणी होती. उपचारांचे दुष्परिणाम कमी करण्याबाबत माणसांवर काही काम झालं होतं. पण कॅन्सर परत येणं टळतं, हा भाग उंदरांवरच्या प्रयोगांचा होता आणि माणसांवर तो सिद्ध व्हायला काही वर्षं लागतील, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. मेसेजमधून तेवढंच वाक्य गळालं.

"मग काहीच नाही का करण्यासारखं?"

"चाल," धाकटी म्हणाली. "रोज चाल."

थोरलीला हा बायकांच्या मासिकातला सल्ला वाटला. तो त्याहून बराच भक्कम आहे. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ रुग्णांवर, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात, एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष जून २०२५ मध्ये आले. निम्म्या लोकांना आरोग्याचं पुस्तक दिलं. निम्म्यांना तीन वर्षं व्यायामाचा कार्यक्रम आणि मागे लागणारा प्रशिक्षक दिला. बहुतेक जण भरभर चालण्याइतकाच व्यायाम करत होते. पाच वर्षांनी व्यायाम करणाऱ्यांपैकी ८०.३ टक्के लोक आजार परत न येता आणि नवा कॅन्सर न होता जगत होते, पुस्तकवाल्यांपैकी ७३.९ टक्के. आठ वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ९०.३ विरुद्ध ८३.२ टक्के होतं. हा अभ्यास आतड्याच्या कॅन्सरचा आहे, स्तनाच्या नाही. पण त्यात प्रशिक्षक मागे लागत होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. नुसतं 'चालत जा' सांगणाऱ्यांनी सोबत चालायला हवं.

"पवारसाहेबांना दोन हजार चारला झाला होता," थोरली म्हणाली. "अजून दौरे करतात. ते काय रोज तपासत बसतात का?"

शरद पवारांचं हे उदाहरण महाराष्ट्रात कॅन्सर झालेल्या प्रत्येक घरात एकदा तरी दिलं जातं आणि ते द्यायलाही हवं. तोंडाच्या कॅन्सरनंतर वीस वर्षांहून अधिक काळ सार्वजनिक जीवनात राहणारा माणूस लोकांना दिसतो, याने किती जणांना धीर आला असेल. पण त्या उदाहरणाचा उत्तरार्धही सांगायला हवा. तंबाखूमुळे आपल्यावर ही वेळ आली आणि तंबाखू आधीच सोडायला हवी होती, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये दुसऱ्या कॅन्सरचा धोका खरोखर मोठा असतो. ज्या तंबाखूने गालाचं अस्तर बिघडवलं तिनेच जीभ, घसा, अन्ननलिकाही बिघडवलेली असते आणि तिथे वेगळा, नवा कॅन्सर उठू शकतो. १९५३ साली ही गोष्ट पहिल्यांदा मांडली गेली. ऑपरेशननंतर पुन्हा मशेरीच्या डबीकडे जाणारा हात बघून बायको जे बोलते, ते घाबरटपणाचं बोलणं नसतं.

धाकटीकडेही एक उदाहरण होतं. लेखिका आणि दिग्दर्शक ताहिरा कश्यप यांना २०१८ साली स्तनाचा कॅन्सर झाला. एप्रिल २०२५ मध्ये, सात वर्षांनी, तो पुन्हा सापडल्याचं त्यांनी स्वतः जाहीर केलं आणि त्याच निवेदनात नियमित मॅमोग्रामचा आग्रह धरला. "बघ. तिला परत झाला. पण तपासत होती म्हणून सापडला."

थोरलीने हे दोनदा वाचलं. "सात वर्षं," ती म्हणाली, आणि पुढे: "उद्या मॅमोग्रामचा नंबर लावू." तिच्यापुरता वाद इथे संपला होता.

धाकटीचा संपला नव्हता. तिने फाईलमधून शेवटचा कागद काढला.

"आपली मावशी कशाने गेली, ताई?"

"पोटात पाणी झालं होतं तिच्या."

"पाणी कशाने झालं?"

"तेव्हा कोण विचारत होतं?"

पोटात पाणी होऊन गेलेल्या मावश्या आणि आत्या आपल्याकडे पुष्कळ घरांत आहेत. त्यातल्या काहींना अंडाशयाचा कॅन्सर असणार. त्यात पोटात पाणी साठतं आणि तोवर उशीर झालेला असतो. एका बहिणीला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर आणि मावशीचं असं जाणं, एवढी माहिती जनुकतज्ज्ञाला पुढे विचारायला पुरेशी आहे.

"जीन टेस्ट? त्या हॉलिवूडच्या बाईसारखी? मी काही कापून टाकणार नाही."

अँजेलिना जोलीने २०१३ साली दोन्ही स्तन आणि २०१५ साली अंडाशय काढून टाकल्याचं लिहिलं. तिची आई ५६ व्या वर्षी कॅन्सरने गेली होती. तेव्हापासून या तपासणीचं नाव निघालं की लोकांना शस्त्रक्रियाच दिसते. जनुकात बिघाड सापडला म्हणजे ऑपरेशनची सक्ती होत नाही. पण धोक्याचा हिशोब मात्र पार बदलतो. ज्या बाईत असा बिघाड नाही, तिच्या दुसऱ्या स्तनात नवा कॅन्सर होण्याचा धोका दर वर्षाला साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असतो. बीआरसीए-१ जनुकात बिघाड असेल तर पहिल्या कॅन्सरनंतर वीस वर्षांत दुसऱ्या स्तनातल्या कॅन्सरचा धोका ४० टक्के, बीआरसीए-२ मध्ये २६ टक्के. २०१७ सालच्या मोठ्या अभ्यासाचे हे आकडे आहेत. ऐंशी वर्षांपर्यंत अंडाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका पहिल्या जनुकात ४४ टक्के, दुसऱ्यात १७. स्तनासाठी मॅमोग्रामच्या जोडीला दरवर्षी एमआरआय करता येतो. अंडाशयासाठी मात्र भरवशाची आगाऊ तपासणी नाही: ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर ती करून पाहिली, तरी मृत्यू कमी झाले नाहीत, हे २०२१ साली कळलं. म्हणून असा बिघाड असलेल्या बायकांना मुलंबाळं झाल्यावर अंडाशय काढण्याचा सल्ला दिला जातो.

"माझी पोर पंचवीसची आहे," थोरली हळू आवाजात म्हणाली. "स्थळं येतायत. असलं काही कागदावर आलं तर कोण करेल तिला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"ती मूठ माझीपण आहे, ताई."

थोरलीने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"मी चव्वेचाळीसची होईन पुढच्या वर्षी," धाकटी म्हणाली. "तुला निघाला त्या वयाची. मी डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, आधी बहिणीची टेस्ट करा. तू रक्त दिल्याशिवाय माझं नीट कळत नाही."

हे वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे. ज्या व्यक्तीला कॅन्सर झाला तिचं जनुक आधी तपासतात. तिच्यात नेमका बिघाड सापडला तर नातेवाइकांत तेवढाच शोधता येतो आणि नाही निघाला तर त्या नातेवाइकाला खरोखर मोकळा श्वास घेता येतो. बिघाड असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून तो मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. वडिलांकडूनही येतो, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. कधी रिपोर्टमध्ये असा बदल निघतो की त्याचा अर्थ अजून विज्ञानाला लागलेला नाही. म्हणून तपासणीआधी आणि नंतर जनुक-समुपदेशकाशी बोलणं गरजेचं असतं. टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी वेगळं कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे.

लग्नाच्या प्रश्नावर इथे गोड बोलून भागणार नाही. थोरलीची भीती खोटी नाही, आपला समाज तसा आहे. पण या ठिकाणी धाकटीचं बरोबर आहे आणि ते ठामपणे म्हणायला हवं. पंचवीस वर्षांची मुलगी सज्ञान आहे. तिच्या शरीराबद्दलची माहिती तिच्यापासून लपवून तिचं लग्न जमवणं म्हणजे तिच्या जिवाच्या बदल्यात स्थळ विकत घेणं आहे. रिपोर्ट गुप्त राहतो, तो कोणाला सांगायचा हे ती ठरवेल आणि तपासणी करायची की नाही हेसुद्धा तीच ठरवेल. आईने फक्त तिच्यासाठी दार उघडं ठेवायचं आहे.

"आणि निघालंच तर?" थोरलीने विचारलं.

"तर आपण दोघी जाऊ परळला. तू एकटी नाही."

दुसऱ्या दिवशी ओपीडीत डॉक्टरांनी थोरलीला तपासलं, मॅमोग्राम लिहिला, जेनेटिक्सची चिठ्ठी दिली. पेट लिहिला नाही. धाकटीने विचारलं तेव्हा त्यांनी केसपेपरच्या मागे लिहून दिलं: नवी गाठ, हाडात एकाच जागी टिकून राहणारं दुखणं, न थांबणारा खोकला किंवा धाप, वाढत जाणारी डोकेदुखी, डोळे पिवळे होणं, कारण नसताना वजन उतरणं. यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर तारखेची वाट न बघता या. नाहीतर वर्षाने या. रात्रीच्या जागरणाबद्दल थोरली बोलली नाही. धाकटीनेच सांगितलं, आणि डॉक्टरांनी मानसोपचार विभागाचा कागद जोडला.

तो कागद जोडणं उपचाराचाच भाग आहे. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२२ बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना पाच सत्रांत एक पद्धत शिकवली. लक्ष कुठे न्यायचं याचा सराव, आलेला विचार ढकलायचाही नाही आणि त्याच्या मागेही जायचं नाही याची सवय, तपासणी किती आणि केव्हा याचा ठरलेला नेम, आणि जगण्यात आपल्याला काय हवं आहे त्याचा विचार. उरलेल्यांना स्नायू सैल करण्याचे व्यायाम शिकवले. पहिल्या गटाची भीती जास्त उतरली आणि सहा महिन्यांनंतरही उतरलेली राहिली. 'सकारात्मक राहा' हे वाक्य त्या पाच सत्रांत नव्हतं, आणि नातेवाइकांनीही ते आता थांबवावं. ते ऐकणाऱ्याला कळतं की आपल्याला घाबरण्याची परवानगी नाही.

ज्यांच्या घरात कॅन्सर होऊन गेलेलं माणूस आहे, त्यांनी पुढच्या फॉलो-अपला डॉक्टरांकडून एवढं लिहून घ्यावं: कोणती तपासणी कधी करायची, कोणती करायची गरज नाही, कोणत्या लक्षणाला थांबायचं नाही आणि घरात कोणाला जनुक तपासणीची गरज आहे का. मग त्या माणसाला झोप लागते का, हेही विचारावं. परळला जाणं जमत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. तिथे मराठीत बोलता येतं आणि त्याचे पैसे लागत नाहीत.